उतरल्यावर कुणाला विचारायचं?

आई आणि मावशीची विमानाची तिकिटं काढायला मला दहा मिनिटं लागली. गोव्याच्या विमानतळापासून कळंगुटच्या रिसॉर्टपर्यंत दोघी कशा पोचतील, हे ठरवायला तीन रात्री गेल्या. दोघी पन्नाशीच्या पुढच्या. पहिलं विमान, पहिला समुद्र. मी बरोबर नसावं ही मावशीचीच अट होती. "तू आलास की सारखी घाई करतोस."

गोवा हे नाव आमच्या पुणतांब्याला नवं नाही. वास्कोहून दिल्लीकडे जाणारी गोवा एक्स्प्रेस दौंड-मनमाड मार्गावरून, म्हणजे आमच्याच स्टेशनातून, धडधडत जाते. आईने ती कित्येक वर्षं बाहेरून पाहिली. मग त्याच गाडीने का नाही? तर मावशीचे गुडघे, आणि दोघींची विमानात बसायची हौस.

आईचा प्रश्न एकच होता. "उतरल्यावर कुणाला विचारायचं?"

आमच्याकडे या प्रश्नाला उत्तर असतं. स्टेशनावर उतरून चांगदेव महाराजांच्या मंदिराकडे निघालात, तर रिक्षावाला आधी "कुणाकडचे?" असं विचारतो. नाव सांगितलं की भाड्याची घासाघीस संपते आणि काळजीही संपते. २०१७ पासून शिर्डीचं विमानतळ काकडीला सुरू झालं, तिथेही टॅक्सीवाला दोन वाक्यांत कुणाचा तरी सोयरा निघतो. आईच्या लेखी सुरक्षित म्हणजे ओळखीचं. मोप्याला तिला कोण ओळखणार?

हो, मोपा. गोव्यात विमानतळं दोन आहेत आणि तिकिटावर नुसतं 'गोवा' वाचून चालत नाही. जुनं दाबोळी, त्याचा कोड जीओआय. पेडणे तालुक्यातलं, महाराष्ट्राच्या हद्दीजवळचं मोपा, कोड जीओएक्स. तिथून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुटू लागली. दोन्हींमध्ये साठ-सत्तर किलोमीटर आहेत. कळंगुट, बागा, हरमल या बाजूला जायचं तर मोपा जवळ; कोलवा, पाळोळेसाठी दाबोळी. स्वस्त तिकीट चुकीच्या टोकाला उतरवत असेल, तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. वेळेचंही तसंच. रात्रीचं विमान स्वस्त होतं, मी दुपारचं घेतलं. अनोळखी गावात उजेड विकत मिळत असेल तर घ्यावा, असं माझं मत आहे.

पुण्यात आपण बोट दाबून ओला-उबर बोलावतो. गोव्यात ती सोय नाही. २०१८ पासून गोवामाइल्स हे तिथलं अ‍ॅप आहे, आणि स्थानिक टॅक्सीवाल्यांचा त्याला विरोधही तितकाच जुना आहे. इंटरनेटवर या टॅक्सीवाल्यांना सरसकट लुटारू म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. मोप्याला विमानतळासाठी गावकऱ्यांच्या जमिनी गेल्या. आता दारातून जाणाऱ्या प्रवाशावर आपला हक्क आहे, असं तिथल्या टॅक्सीवाल्याला वाटतं. काकडीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

तरी भाडं आधी कळायला हवं. रिसॉर्टला फोन केला, तर त्यांनी गाडीचे सांगितलेले पैसे एका विमान तिकिटाच्या जवळपास होते. वर, "लेडीज एकट्या आहेत ना सर, मग रिस्क कशाला?" भीतीचे वेगळे पैसे लावतात, हे तेव्हा कळलं.

मोप्याहून कदंब महामंडळाच्या बस सुटतात. पणजी, मडगाव आणि कळंगुटच्या बाजूलाही. ठरलं ते असं: आधी बस. फार थांबावं लागणार असेल तर टॅक्सी, पण काउंटरवरून पावती घेऊनच. पावतीवरचा नंबर आणि गाडीचा नंबर जुळला पाहिजे, पाटी पिवळी आणि अक्षरं काळी पाहिजेत. बाहेर येऊन कुणी बॅगेला हात घातला तर बॅग सोडायची नाही. बसल्यावर पाटीचा फोटो ग्रुपवर, लाइव्ह लोकेशन चालू.

आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोबाइल बंद पडला तर?"

सॉफ्टवेअरची टेस्टिंग करणाऱ्या पोरांना मी हेच शिकवत असतो. मग तिने दुधाच्या हिशेबाच्या वहीची दोन पानं फाडली, दोन्हींवर रिसॉर्टचा पत्ता, फोन नंबर आणि सगळ्या सूचना उतरवल्या. एक पान स्वतःच्या पर्समध्ये, एक मावशीच्या.

त्या दिवशी मी मीटिंगमध्ये एक डोळा नकाशावर ठेवून बसलो होतो. निळा ठिपका मोप्याहून निघाला, बसच्या वेगाने. म्हापशाजवळ आला आणि थांबला. पाच मिनिटं. दहा. वीस. मीटिंग म्यूट करून मी फोन लावला.

"अरे, उतरलोय आम्ही," मावशी म्हणाली.

"का? बस बिघडली?"

"बसला काय झालंय? शेजारी एक ताई बसली होती. विमानतळावरच कामाला आहे. तिचं माहेर सावंतवाडीचं निघालं. इथं चहा चांगला मिळतो म्हणाली. आता तिच्याबरोबरच दुसऱ्या बसने जातोय, ती कळंगुटलाच राहते."

मी गाडीचा नंबर, पिवळी पाटी, पावती यातलं काहीतरी बोलायला लागलो. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, ती त्या बाईला विचारत होती, "मग सावंतवाडीत कुणाकडचे तुम्ही?"

संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला. मला वाटलं समुद्र असेल. बसची चार तिकिटं होती, दुधाच्या वहीच्या पानावर नीट मांडलेली. बेरीज रिसॉर्टच्या गाडीच्या चौथाईतही जात नव्हती. समुद्राचा फोटो दुसऱ्या दिवशी आला, तोही अंगठा मध्ये आलेला.