श्वान घुटमळले

जळगाव-धुळ्याच्या वर्तमानपत्रांत घरफोडीची बातमी वाचताना एका धाटणीचे वाक्य हटकून भेटते : श्वान पथकास पाचारण करण्यात आले, श्वानाने महामार्गापर्यंत माग दाखविला व तेथेच ते घुटमळले. वार्ताहराच्या साचेबंद भाषेचा नमुना म्हणून मी हे वाक्य वर्गात देतो. मात्र त्यातले ‘घुटमळणे’ हे क्रियापद साच्यात मावत नाही. ज्याची ओढ संपली तो घुटमळत नाही. तो खाली बसतो किंवा माघारी वळतो. वाट संपली आणि ओढ उरली, अशा जिवाची ती हालचाल आहे.

ही ओढ येते कोठून? पोलिसांचा कुत्रा गुन्हेगारामागे धावतो, असा आपला सर्वसाधारण समज. धुळ्याचे एक निवृत्त श्वान हस्तक माझ्या परिचयाचे आहेत. पांझरेकाठच्या एका शेतात ते आजही हौसेने पिले तयार करतात. त्यांचे काम काही सकाळी पाहिल्यावर तो समज टिकत नाही. कुत्र्याला गुन्हा ठाऊक नसतो, गुन्हेगारही नसतो. त्याला ठाऊक असतो एक खेळ.

दोरीला बांधलेली चिंधी पिलापासून दूर, वेडीवाकडी सरपटत न्यायची. ती त्याच्या तोंडाशी कधी न्यायची नाही, कारण सावज स्वतःहून जवळ येत नसते. पिलाने ती पकडली की थोडी ओढाताण करायची आणि शेवटी त्याला जिंकू द्यायचे. खेळ ऐन रंगात आला असता थांबवायचा. चिंधी हस्तकाच्या खिशात जाते. दिवसभर पिलाजवळ ती पडू द्यायची नाही. “मन भरलं की नाक बंद होतं, सर,” एवढेच त्यांचे शास्त्र. पुढे तीच चिंधी पिलाच्या देखत झुडपाआड जाते, मग त्याच्या नकळत. नंतर ओलसर मातीत पावले उमटवीत एक माणूस चालत जातो : आरंभी प्रत्येक पावलात खाऊचा तुकडा, मग अधूनमधून, आणि वाटेच्या अखेरीस चिंधी. ताजा माग हळूहळू शिळा केला जातो, वाटेला वळणे दिली जातात. वास घेणे कुत्र्याला कोणी शिकवीत नाही. वास घेण्याचे कारण तेवढे द्यावे लागते.

मे महिन्यात हा पाठ उजाडता उजाडता आटोपतो. काळी माती तापून कोरडी झाली की गंध विरतो. तापल्या डांबरावर तो टिकणे आणखी कठीण, आणि चोर वाहनात बसला की पावलांची वाटच खुंटते. बातमीतला कुत्रा महामार्गावर घुटमळतो तो अशा कारणांनी.

जाक पँक्सेप या मज्जाशास्त्रज्ञाने १९९८ च्या आपल्या ग्रंथात शोधण्याची प्रेरणा ही मेंदूतील एक स्वतंत्र यंत्रणा मानली : मिळाल्याचे सुख वेगळे, शोधण्यातली उत्कंठा वेगळी. हा भेद मनात ठेवून सरमेची कथा पुन्हा वाचावी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०८ व्या सूक्तात इंद्राची दूती सरमा पणींनी लपविलेल्या गाईंचा माग काढत रसा नदी ओलांडून जाते. पणी तिला बहीण म्हणतात, गाईंचा वाटा देऊ करतात, ती नाकारते. बृहद्देवतेत मात्र ती त्या गाईंचे दूध पिते आणि गाई पाहिल्याच नाहीत असे इंद्राला येऊन सांगते. नीतिकथा म्हणून ही दुसरी सरमा फितूर ठरते. पांझरेकाठच्या शेतातून पाहिले तर ती तृप्त झाली आहे, आणि तृप्ताला माग उरत नाही.

या खेळाच्या टोकाशी माणसाचे स्वातंत्र्य टांगलेले असते, हेही विसरता येत नाही. महाराष्ट्रातील एका रेल्वे-घातपाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली श्वानाच्या मागाविषयीचे आक्षेप विचारात घेतले : कुत्र्याला शपथ देता येत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, आणि माणसाचे जीवित व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर विसंबू नये. कुत्रा आपला खेळ खेळत असतो. त्याचा अर्थ लावणारा माणूस चुकू शकतो. म्हणून घुटमळणे मला अपयश वाटत नाही. वाट संपल्यावर समोर दिसेल त्याच्यावर भुंकून मोकळे होण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे.

आपल्या वर्गांत मात्र चिंधी पहिल्याच तासाला तोंडात दिली जाते. कवितेचा आशय, मध्यवर्ती कल्पना, अपेक्षित प्रश्न, त्यांची मुद्देसूद उत्तरे; आणि मग विद्यार्थ्यांना वाचनाची ओढ नाही, अशी तक्रार आपण शिक्षककक्षात करतो. ओढ असतेच, ती भागवून टाकण्याची आपल्याला घाई असते. एखादी मुलगी कवितेतल्या एका शब्दापाशी घुटमळताना दिसली, तर तिला उत्तर सांगू नये. तास तेथेच थांबवावा.