घरी जोडलेला कॉम्प्युटर

घरात कॉलेजला जाणारा मुलगा असला की ‘गेमिंग पीसी’ हा शब्द आज ना उद्या कानावर येतोच. आमच्या विंचूरच्या घरी तो २०२४ च्या उन्हाळ्यात आला, आणि वेळ नेमकी कांद्याच्या पडत्या काळातली. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली, ती उठली मे २०२४ मध्ये; तोवर आमच्याकडे साधे पातेलेसुद्धा विचार करून घेतले जात होते. अशात चिरंजीव म्हणतात, “आई, गेम खेळता येतील असा कॉम्प्युटर हवा.” ह्यांनी तर ऐकूनच घेतले नाही. मामंजी म्हणाले, “खेळायला यंत्र कशाला लागतं?”

माझ्याकडे भिशीचे चाळीस हजार होते. ते ठेवले होते कांदा चाळीच्या पत्र्यांसाठी. म्हणजे एक तर पत्रे, नाही तर कॉम्प्युटर. तयार लॅपटॉप हप्त्यावर मिळत होता, पण हप्ता तारखेला येतो; कांद्याचे पैसे कधी तारखेला आलेत का? मी चिरंजीवांना म्हटले, “भावासकट यादी कर. चाळिसाच्या वर एक रुपया मिळणार नाही.”

यादी करता करता मलाही पुष्कळ कळले. सगळ्यांत महाग असते ते ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रे भराभर काढणारा भाग. त्याचे भाव अगदी आपल्या कांद्यासारखे! २०२१ मध्ये इथेरियम नावाचे आभासी चलन मिळवणाऱ्यांनी ही कार्डे ढिगाने उचलली, भाव आभाळाला भिडले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाची पद्धतच बदलली नि कार्डांची ती मागणी संपली. आम्ही कार्ड घेतलेच नाही. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला. चित्रे काढायची सोय त्याच्या पोटातच असते. व्हॅलोरंटसारखे खेळ त्यावर छान चालतात. मात्र अशा प्रोसेसरला रॅमची १६ जीबीची एक पट्टी देण्यापेक्षा ८-८ च्या दोन द्याव्यात. एका नळाऐवजी दोन नळांनी हंडा लवकर भरतो, तसेच हे.

काटकसर कुठे करायची नाही, तेही सांगते. वीज पुरवणाऱ्या डब्याला एसएमपीएस म्हणतात. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा मुळीच वापरू नका; ‘८० प्लस’ छापलेला, चांगल्या कंपनीचा घ्या. आपल्याकडे वीज येते-जाते, दाब कमी-जास्त होतो. हलका डबा जळला तर सोबत बाकीचेही नेतो. म्हणून छोटा यूपीएसही हिशोबात धरला. पैसे वाचवले ते मॉनिटरवर. एका कचेरीतून निघालेला जुना घेतला, चालवून पाहून. आणि रंगीबेरंगी दिव्यांच्या पंख्यांवर चक्क काट मारली. त्यावरून दोन दिवस घरात अबोला होता!

सामान नाशिकहून आणले. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर चार पैसे कमी पडले असते म्हणतात, पण प्रत्येक वस्तूची वॉरंटी वेगळी. बिघडली की मुंबई कोण गाठणार? पावत्या आणि खोकी मी माळ्यावर जपून ठेवली आहेत.

जोडणी मधल्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर झाली. नायलॉनची साडी काढताना चटचट होते ना, ती वीज या नाजूक भागांना बाधते. म्हणून सुती कपडे घालायचे आणि आधी लोखंडाला हात लावायचा. प्रोसेसरच्या पोटाला १३३१ सोनेरी टाचण्या! कोपऱ्यातला त्रिकोण जुळला की तो अलगद बसतो, दाबायचा नाही. रॅम मात्र ‘टक्’ वाजेपर्यंत दाबायची. पहिल्यांदा पडदा काळाच राहिला तेव्हा चिरंजीवांचा चेहरा बघवेना. हे इतका वेळ दारात नुसते उभे होते. पुढे आले, बॅटरी धरली आणि म्हणाले, “ही पट्टी एका बाजूने वर दिसतेय.” दाबली, आणि चित्र आले!

आता राखण. कांद्याच्या हंगामात आमच्याकडे धूळ आणि फोलपटे घरभर उडतात. कॅबिनेटला पुढे जाळी आहे; दर पंधरा दिवसांनी यंत्र बंद करून, प्लग काढून ती झटकायची. पुढचा पंखा हवा आत घेतो, मागचा बाहेर टाकतो. म्हणून भिंतीला चिकटवून ठेवू नये. यंत्र मधल्या खोलीतच राहील ही माझी अट होती, ती अजून पाळली जाते. रात्री दहाला बंद. कधी सव्वादहा होतात, मी कानाडोळा करते.

पत्रे २०२५ च्या पावसाआधी बसले. कार्डाची जागा अजून रिकामी आहे. चिरंजीवांनी शिकवण्या घेऊन थोडे पैसे जमवले, तर २०२५ सरता सरता रॅमचे भाव असे भडकले की सगळेच अडले. मामंजी संध्याकाळी लासलगावचा भाव विचारतात आणि लगेच नातवाला म्हणतात, “अन् तुझ्या त्या पट्टीचा काय निघाला? थांब जरा, उतरेल.”