तिसऱ्या विसाव्यावरचा नाका

लंडनच्या पदपथांवर एके काळी पोलिसांच्या निळ्या पेट्या उभ्या होत्या. पेटी म्हणायचे ते इंग्रजी नावाला जागून. वस्तुतः ती एका माणसापुरती कोठडीच. भिंती काँक्रीटच्या, दार सागवानी, माथ्यावर दिवा. महानगर पोलिसांचे वास्तुरचनाकार गिल्बर्ट मॅकेन्झी ट्रेंच यांनी तिचा आराखडा केला आणि १९२९ नंतरच्या दशकभरात अशा सुमारे सातशे पेट्या शहरभर बसवल्या गेल्या. लहानशा झडपेमागे टेलिफोन असे. तो कोणाही नागरिकाने उचलावा, गस्तीच्या शिपायाने आत बसून नोंद लिहावी, जमले तर भाकरतुकडा खावा, आणि ठाण्याला त्याची गरज भासली की माथ्यावरचा दिवा लुकलुकावा, अशी ती योजना. पुढे शिपायांच्या हाती बिनतारी संच आले आणि १९६९ पासून या पेट्या हटवल्या जाऊ लागल्या.

हटवल्या गेलेल्या पेट्या नेमक्या कोठे होत्या, हे शोधण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घालवणारी माणसे इंग्लंडात आहेत. मोठ्या प्रमाणावरच्या जुन्या नकाशांत त्यांच्यासाठी 'पी. सी. बी.' अशी आद्याक्षरे असतात. ती भिंगाखाली धरायची. पोलिसांच्या विभागवार क्रमांकांच्या याद्या जुळवायच्या. कोणा बसगाडीच्या जुन्या छायाचित्रात मागे, अर्धवट, निळ्या पेटीचा कोपरा डोकावतो का ते पाहायचे. या वेडामागे 'डॉक्टर हू' ही १९६३ साली सुरू झालेली दूरचित्रवाणी मालिका आहे, हे उघड आहे. तिच्यातला नायक कालप्रवासाला निघतो तो अशाच एका पेटीतून. या आकृतीच्या व्यापारचिन्हावरून बीबीसी आणि लंडनचे पोलीस यांच्यात वाद झाला, आणि २००२ साली त्याचा निकाल बीबीसीच्या बाजूने लागला. पोलिसांची पेटी कायद्यानेच कल्पितकथेच्या मालकीची झाली! साहित्याच्या विद्यार्थ्याला यापरते समाधान ते कोणते?

आम्ही चौघे मराठी शिकवणारे. त्या हौशी मंडळींच्या याद्या वाचताना आम्हांला हेवा वाटला, आणि मग असे वाटू लागले की आपल्याकडे हा शोध नेमका उलट्या दिशेने करावा लागेल. त्यांच्याकडे वस्तू साऱ्यांना पाठ आहे, तिची जागा हरवली आहे. आपल्याकडे वस्तू गेली, तिचे चित्र कोणी काढून ठेवले नाही, पण जागा जिभेवर शिल्लक आहे. ठाण्यात 'तीन हात नाका' म्हणणाऱ्या किती जणांना तेथे कोणाचे तीन हात होते हे सांगता येईल? मुंबईतली जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा संपली. त्याआधी १९९९ मध्येच राज्यातल्या नगरपालिकांची जकात गेली होती. कर गेला, फाटक गेले, पावत्या फाडणारा कारकून निवृत्त झाला. नाका मात्र रिक्षावाल्याच्या, बसवाहकाच्या, दुधवाल्याच्या तोंडी तसाच आहे. उलट त्याने नवे संसारही मांडले आहेत. 'मजूर नाका' म्हणजे सकाळी हातात थापी किंवा फावडे घेऊन माणसे रोजगाराची वाट पाहत उभी राहतात ती जागा. कर वसूल करणाऱ्या शब्दाने अखेर माणसांचाच बाजार मांडावा, ही भाषेची थट्टा आम्हांला फारशी हसू आणत नाही.

सत्तेच्या या लहान लहान शब्दांकडे आपल्या अभ्यासक्रमांत फार कमी पाहिले जाते, अशी आमची तक्रार आहे. 'कोतवाल' हाच शब्द घ्या. तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १९७२ पासून रंगभूमीवर आहे, आणि पदव्युत्तर वर्गात त्यावर तास तास बोलले जाते. त्यातला कोतवाल म्हणजे पेशवाईतल्या पुण्याचा पोलीसप्रमुख. रात्री कोणी कोठून कोठे जावे हे ठरवणारा. पण वर्गात बसलेल्या आमच्या वऱ्हाडी विद्यार्थ्याच्या ओळखीचा कोतवाल कोण? तलाठ्याची दप्तरे वाहणारा, दवंडी देणारा, गावकामगारांतला अगदी खालचा माणूस. एकाच शब्दाच्या एका टोकाला १७९१ साली जमावाच्या हातून मेलेला घाशीराम आणि दुसऱ्या टोकाला चावडीच्या पायरीवर बसलेला हा मनुष्य. नाटक शिकवताना हा पाया दाखवल्याशिवाय वरची इमारत कशी कळावी? असो.

आमच्या शोधासाठी गाव निवडायला लांब जावे लागले नाही. यवतमाळच्या दारव्हा रस्त्यावर लोहारा आहे. आज त्याची ओळख औद्योगिक वसाहतीमुळे. शहर आणि गाव यांच्यामधले अंतर घरांनी भरून आले आहे. शंभर वर्षांपूर्वीचा हा प्रदेश डोळ्यांपुढे आणायचा तर बरीच खटपट करावी लागते. जिल्ह्याचे नावही तेव्हा नवेच होते. १८६४ साली पूर्व वऱ्हाडातून हा मुलूख वेगळा काढण्यात आला, पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि पुसद तालुका जोडून १९०५ मध्ये त्याचा यवतमाळ जिल्हा झाला. निजामाचा मुलूख, इंग्रजांचा कारभार, मध्य प्रांताला जोडलेला संसार: अशा तिहेरी ओझ्याखालच्या या प्रदेशात चौक्या आणि नाके यांना तोटा नसणार.

लोहाऱ्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते १९३० सालामुळे. मिठाचा कायदा मोडायला वऱ्हाडात समुद्र कोठला? म्हणून येथे जंगलचा कायदा मोडायचे ठरले. १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला सत्याग्रह केला. २१ जुलैला राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी लोहाऱ्याच्या जंगलात सत्याग्रह केला. त्यांना एकूण नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि अकोल्याच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. सत्याग्रह कसला, तर राखीव जंगलात जाऊन विनापरवाना गवत कापायचे. शस्त्र विळा, गुन्हा मूठभर चारा. या घटनेविषयी ज्याची त्याची राजकीय मते असोत. आमचे कुतूहल अगदी क्षुल्लक होते. ग्रंथांत तारीख सापडते, शिक्षा सापडते, तुरुंगाचे नाव सापडते; गवताचा तो पट्टा मात्र 'लोहाऱ्याचे जंगल' एवढ्या दोन शब्दांत आटोपतो. राखीव जंगल म्हटले की त्याला हद्द आली, हद्द म्हटली की तिच्यावर पहारा आला. त्या पहाऱ्याची कोठडी कोठे असावी?

नकाशांपासून सुरुवात केली. एका इंचाला एक मैल या प्रमाणाच्या जुन्या सर्वेक्षण नकाशांत पोलीस ठाणे, टपाल कचेरी, डाकबंगला यांच्यासाठी आद्याक्षरांच्या खुणा असतात. साहेबाला मुक्काम कोठे करायचा, पत्र कोठून टाकायचे आणि शिपाई कोठून बोलवायचा, याची त्यात उत्तम सोय आहे. पण दहा फुटांच्या कोठडीसाठी अशा नकाशात जागा कोठून मिळणार? लंडनच्या पेट्यांना टिंब मिळाले, कारण तेथे नकाशाचे प्रमाण मोठे आणि वस्तीही दाट.

मग माणसांना विचारणे सुरू केले. येथे प्रश्नच मोठा गोंधळाचा ठरला. आम्ही 'पोलीस चौकी' म्हणावे तर ऐकणारा आजचे ठाणे दाखवी. 'जंगल नाका' म्हणावे तर लाकूडतपासणीचे फाटक. 'जकात नाका' म्हणावे तर शहराच्या वेशीवरचा दारव्हा नाका. तिन्ही खाती वेगळी, कायदे वेगळे, पावत्यांचे रंगही बहुधा वेगळे. आमच्या वहीत तीन रकाने आखलेले होते आणि प्रत्येक उत्तर कोणत्या रकान्यात घालायचे यावर आमच्यात आपसांत वाद होत.

हे रकाने पुसले ते एका आजीबाईंनी. वय ऐंशीच्या पुढचे, नजर मंद, आवाज खणखणीत. तरुणपणी जंगलातून मोळ्या आणून यवतमाळच्या बाजारात विकत. आमच्यातल्या एकाने अदबीने विचारले, "आजी, तो नाका पोलिसांचा होता, जंगलखात्याचा, की नगरपालिकेचा?"

"कोनाचा म्हंजे?" त्या म्हणाल्या. "खाकीवाला बसे ना बाप्पा, थोच नाका. डोक्यावरची मोळी जेथी उतरवा लागे, थो नाका."

आम्ही वही मिटली. इतकी नेमकी व्याख्या आम्हांला कोणत्याही कोशात आढळलेली नाही. खाते कोणते, कलम कोणते, राज्य साहेबाचे की आपले, हे सारे खाली बसणाऱ्याचे प्रश्न. ओझे वाहणारीच्या लेखी नाका म्हणजे मान मोकळी होण्याची, पण तिच्या मर्जीने नव्हे, अशी जागा.

मग जागा कोठे, हे विचारताच त्यांनी मैल, फर्लांग, झाड, विहीर यांतले काहीच सांगितले नाही. त्यांनी विसावे मोजले. मोळी घेऊन निघालेल्या बायका ठरावीक ठिकाणी थांबत. एकमेकींना हात देऊन भारे उतरवत, पदराने वारा घेत, पुन्हा चढवत. पहिला विसावा टेकडीच्या उतारावर, दुसरा नाल्यापाशी, आणि तिसऱ्यावर नाका. पहिले दोन विसावे आपल्या मर्जीचे, तिसरा सरकारचा. तेथे खाकीवाला मोळीतले एखादे बरे लाकूड चुलीसाठी ओढून घेई. चिठ्ठी असली तरी घेई आणि नसली तर दोन घेई, एवढाच काय तो चिठ्ठीचा उपयोग. आजीबाईंच्या सुरात यासंबंधी राग असा नव्हता. पावसाळ्यात चिखल होई हे ज्या सुरात सांगावे त्याच सुरात त्या हेही सांगत होत्या. त्यांच्या सासूच्या तोंडीही हाच नाका होता, असे त्या म्हणाल्या. म्हणजे बहुधा गवत कापून माणसे तुरुंगात गेली त्या वर्षीही. सत्याग्रह्यांनी कायदा एक दिवस मोडला आणि त्याची नोंद झाली. ज्यांना तो दररोज थोडा थोडा मोडल्यावाचून चूल पेटवता येत नव्हती, त्यांची मोजदाद विसाव्यांतच राहिली. सत्याग्रहाचे मोल यामुळे उणावते असे आम्हांला वाटत नाही. पण जंगल सत्याग्रहाचा धडा शिकवताना या दुसऱ्या हिशेबाची गाठ घालून द्यावी, असे मात्र निश्चित वाटते.

दुसऱ्या रविवारी आम्ही ते अंतर चालून पाहिले. डोक्यावर ओझे नव्हते, त्यामुळे विसावा कोठे घ्यावासा वाटेल हे कळेना. मग पाठपिशव्यांत पुस्तके भरली आणि पुन्हा निघालो. उतार लागला, नाला लागला. तिसऱ्या वेळी मान अवघडली तेथे रस्त्याकडेला एक पंक्चरचे दुकान, एक पानठेला आणि बसची वाट पाहणारी चार माणसे होती. जोत्याचा दगड, फाटकाचा खांब, असे काही नाही. या थांब्याला काय म्हणतात, असे पानठेलेवाल्या पोराला विचारले. "नाका," तो म्हणाला. कोणता नाका, हे त्याला ठाऊक नव्हते; त्याला ते कधी लागलेही नव्हते.

परतताना आजीबाईंना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतले, पुस्तकांचे ओझे घेतल्याचे कळल्यावर हसून घेतले. आमच्यातल्या एकाने अभ्यासूपणे विचारले, "आणि आजी, चौथा विसावा कुठे होता?"

"चवथा कायले?" त्या म्हणाल्या. "त्याच्या पुढं बजारच होता."