घर अजून किती लांब?

गणिताच्या तासाला पट मांडायचा झाला, तर सापशिडीच्या आधी मी अष्टाचंगा काढते. जबलपूरच्या रांझीत आमच्याकडे येणारी पुष्कळ मुलं व्हेईकल फॅक्टरी आणि खमरियातल्या कामगारांच्या घरची. हा खेळ त्यांच्या आज्यांना पाठ असतो. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं आखायची, एका बाजूने घासून पांढरे केलेले चार चिंचोके घ्यायचे; झाली तयारी.

सोंगटी आपल्या घरातून निघते, बाहेरचा वेढा संपवून आतल्या वेढ्यात शिरते आणि मधल्या घरात पोचते. एकूण 24 पावलं. माझी अट एवढीच, की चिंचोके टाकण्याआधी किती पावलं उरली ते मोठ्याने सांगायचं. 17 झाली, म्हणजे 7 राहिली. वहीतली वजाबाकी बघून गप्प बसणारी मुलं इथे शेजाऱ्याचंही अंतर काढतात, कारण त्याची सोंगटी मारायची असते.

चौथी-पाचवीला मी आणखी एक विचारते: चारही पांढरे पडले तर चार, मग चारही काळे पडले तर आठ का? आधी प्रत्येक डाव फळ्यावर रेघांनी नोंदवायचा. नंतर हिशेब. चार चिंचोके 16 प्रकारे पडू शकतात. त्यांत दोन पांढरे येण्याचे प्रकार 6, एक किंवा तीन येण्याचे चार-चार, आणि सगळे काळे येण्याचा एकच. खरे चिंचोके इतके सरळ वागत नाहीत. एखादा एकीकडे जाड असतो आणि नोंदीत पकडला जातो. तो बदलायचा की नाही यावर वर्गात जे भांडण जुंपतं, ते मला फार प्रिय आहे.

सापशिडीचा पट मी स्वतः आखते. छापील पटावर ओळी नागमोडी जातात, त्यामुळे 34च्या डोक्यावर 47 येतो. माझ्या पटावर प्रत्येक ओळ डावीकडून सुरू होते आणि 34च्या वर 44च असतो. दहा मिळवणं डोळ्यांना दिसतं. 34वर असताना तीन पडले, तर ‘पैंतीस, छत्तीस, सैंतीस’ म्हणत सरकायचं. एलिडा लास्की आणि रॉबर्ट सिग्लर यांनी 2014मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवर्गातली मुलं शंभर घरांच्या पटावर खेळली. घरातल्या आकड्यापासून पुढे मोजणाऱ्यांची संख्यांची समज वाढली. दर वेळी एकपासून मोजणाऱ्यांना तसा फायदा झाला नाही. वर्गात फिरताना माझे कान त्या मोजणीकडेच असतात. ‘एक, दो’ ऐकू आलं, की सोंगटी मागे घेऊन पुन्हा मोजायला लावते.