उत्कंठेचे मर्म

वाघ समोर उभा राहिला की मनुष्य भितो. परंतु वाघ दिसत नाही आणि झुडूप मात्र हलते, तेव्हा त्याचा जीव टांगणीला लागतो. पहिली अवस्था भीतीची, दुसरी उत्कंठेची. दहा-पंधरा मिनिटांचा रहस्यमय लघुपट उभा असतो तो या दुसरीच्या बळावर. मोठ्या चित्रपटाच्या हाती दोन-अडीच तास असतात. लघुपटाला प्रत्येक क्षण जपून खर्चावा लागतो. म्हणून स्थळ, ध्वनी आणि कथानक या तिघांनाही तो एकाच कामास जुंपतो.

प्रथम स्थळ पाहू. सातारा जिल्ह्यात वाईजवळ, कृष्णेच्या काठी मेणवली नावाचे गाव आहे. तेथे नाना फडणवीसांचा वाडा व दगडी घाट आहे. 'स्वदेस' (२००४) सारख्या चित्रपटांचे चित्रीकरण या गावी झाले. दिवसा हा घाट किती प्रसन्न वाटतो! परंतु तोच घाट तिन्हीसांजेला दाखवावा, पायरीवर भरलेली घागर तेवढी असावी आणि आसपास कोणीही नसावे. लगेच मन विचारू लागते, 'घागर येथे आहे, मग ती भरणारी कोठे गेली?' उत्कंठेसाठी स्थळ भयाण असावेच लागते असे नाही. ओळखीच्या जागी एखादीच गोष्ट चुकल्यासारखी वाटली, तरी पुरे होते.

ध्वनीचे सामर्थ्य सांगलीकरांनी फार पूर्वी अनुभवले आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी तेथे 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला. त्या परंपरेतील नाटकांत राक्षस 'अलल्डुर्र' अशा आरोळ्या ठोकीत रंगभूमीवर येत. व्ही. शांताराम यांनी 'कुंकू' (१९३७) या चित्रपटात याच्या अगदी उलट वाट धरली. पार्श्वसंगीताचा आधार न घेता त्यांनी प्रसंगातील स्वाभाविक आवाजांकडूनच काम करून घेतले. लघुपटाला ही दुसरी वाट अधिक मानवते. रात्रभर चाललेली रातकिड्यांची किरकिर एकाएकी थांबावी. ती शांतता शंभर आरोळ्यांहून मोठी ठरते.

परंतु स्थळ आणि ध्वनी यांना अर्थ येतो तो कथानकामुळे. आल्फ्रेड हिचकॉक या विख्यात दिग्दर्शकाने एक साधा दृष्टांत दिला होता. मेजाखालचा बाँब अचानक फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण तो बाँब प्रेक्षकाला आधीच दाखवला आणि मेजाभोवतीची माणसे मात्र निवांत गप्पा मारीत बसली, तर तोच प्रेक्षक कितीतरी वेळ श्वास रोखून बसतो. जे त्याला ठाऊक आहे, ते त्या माणसांना ठाऊक नसते.

हा दृष्टांत कृष्णाकाठी आणून पाहावा. अतिवृष्टीत सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाचे दरवाजे उघडतात. कोयनेचे पाणी कऱ्हाडला कृष्णेस मिळते आणि मग सांगलीकडे धावते. मात्र ते तेथे पोहोचण्यास वेळ लागतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात; ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले होते. आता लघुपटाची कल्पना करा. पहिल्या दृश्यात धरणाचे दरवाजे उघडले. दुसऱ्या दृश्यात नदीकाठच्या घरात एक आजी नातवाला कुशीत घेऊन शांत झोपली आहे. अंगणातल्या गाईच्या गळ्यातील घंटा हळूच वाजते. पुढे पाण्याखाली गेलेली एक पायरी, मग दुसरी. कोणी ओरडत नाही, वाद्ये वाजत नाहीत. तरी पाहणाऱ्याच्या तोंडून शब्द निघतो, 'आजी, उठा!'

त्याने ही हाक का मारावी? घर रिकामे असते, तर तेच पाणी त्याने स्वस्थ मनाने पाहिले असते. पण झोपण्यापूर्वी आजीने आपल्या अंगावरची घोंगडी नातवाच्या अंगावर ओढली, हे त्याने पाहिलेले असते. त्या एका क्षणात ती त्याची आजी झाली. उत्कंठेचे मर्म येथे आहे. ज्याच्याविषयी माया नाही, त्याच्यासाठी कोणाचाही श्वास अडत नाही. म्हणून चांगला दिग्दर्शक भय दाखवण्याआधी माणूस दाखवतो. असा लघुपट पाहणारा पंधरा मिनिटे का होईना, दुसऱ्याच्या जिवासाठी जागा राहतो. पडदा काळा झाल्यावरही हे जागेपण थोडे शिल्लक उरले आणि पावसाळ्याच्या रात्री नदीकाठच्या शेजाऱ्याचे दार ठोठावण्यास त्याला घराबाहेर घेऊन गेले, तर त्या लघुपटाचे सार्थक झाले.