वगळलेले परिच्छेद

मिरज,
रविवार, दुपार

चि. सोनू,

तुझं पत्र आलं. जेवणं उरकल्यावर निवांत वाचू म्हणून फळीवर ठेवलं होतं, पण राहवेना. भाजी चिरता चिरताच वाचून काढलं. एवढ्या गोष्टी वाचल्यास, एकेकीवर मत दिलंस, आवडलं-नावडलं न घाबरता लिहिलंस, फार बरं वाटलं. तुझ्या आजोबांची ही सवय घरात कुणात तरी उतरली म्हणायची. आणि मग दुसऱ्या पानावर ते वाक्य आलं: ‘मधले विज्ञानाचे परिच्छेद वगळले, पण गोष्ट कळली.’

सोनू, हे तू लिहावंस? दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण ओट्याशी उभं राहून ‘दूध का नासतं, दही का लागतं’ असं विचारून मला हैराण करणारी मुलगी तू, आज जीवरसायनात एम.एस्सी. करणारी. तू परिच्छेद वगळतेस?

तू विचारलंयस एवढंच की पुढं काय वाचू. ते सांगते, पण आधी तू जे गाळलंस ते वाचायचं आहे आपल्याला.

टेड चियांगची ‘स्टोरी ऑफ युवर लाइफ’ घे. १९९८ची. तू लिहितेस, आईचं दुःख भिडलं, पण मध्येच ते प्रकाशकिरणाचं काय काढलंय कोण जाणे. अगं, त्या किरणावाचून ती गोष्ट उभीच राहत नाही. किरण हवेतून पाण्यात शिरताना वाकतो, कारण पाण्यात प्रकाशाचा वेग हवेतल्याच्या पाऊणपटच असतो. हे शाळेतलं. सतराव्या शतकात फर्मानं तेच वेगळ्या तऱ्हेनं मांडलं: इथून तिथं पोचायला ज्या वाटेनं कमीत कमी वेळ लागेल ती वाट प्रकाश धरतो. हवेत अंमळ जास्त चालतो, पाण्यात अंमळ कमी. कोन काढलास तर दोन्ही रीतींनी तोच येतो, वहीत करून बघ. पण फर्माच्या रीतीनं पाहिलं की अंगावर काटा येतो, कारण मग किरणाला निघायच्या आधीच कुठं पोचायचं हे ठाऊक असल्यासारखं दिसतं. शेवट आधी ठरलेला, वाट मागाहून.

आता त्या आईकडं बघ. सात पायांच्या त्या परग्रहवासीयांची लिपी शिकता शिकता तिचं मन तसंच व्हायला लागतं. मुलगी पंचविसाव्या वर्षी कडा चढताना पडून जाणार, हे तिला मूल व्हायच्या आधीपासून माहीत आहे, आणि तरी ती त्याच वाटेनं जाते. म्हणून ती लेकीच्या आठवणी भविष्यकाळात सांगते. त्या क्रियापदांनी तू गोंधळलीस म्हणतेस, गोंधळणारच. किल्ली तर तू वगळलेल्या पानावर होती. सिनेमात, २०१६च्या ‘अरायव्हल’मध्ये, फर्माला जागा मिळाली नाही, आणि गंमत म्हणजे तिथं मुलगी आजारानं जाते. आजार आईला टाळता येत नाही. कड्यावर जाऊ नकोस, हे मात्र कुठलीही आई सांगू शकते. ते न सांगणं काय असेल, यावर मी कितीतरी रात्री विचार केलाय. मला मूलबाळ नाही, तरी केलाय.

माझं मत तुला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते, कारण ते तू विसरलेली दिसतेस. विज्ञानकथेत लेखकाला एक थाप माफ असते. एकच. प्रकाशाहून वेगवान यान म्हण, काळातला प्रवास म्हण, काय हवं ते घे म्हणावं. त्यापुढचं सगळं मात्र त्यानं रोख मोजून द्यायचं. आणि तो ते मोजून देतो त्या परिच्छेदांतच. वाचणाऱ्यानं ते मोजून घ्यायचं. न मोजता घेतलं तर पऱ्यांच्या गोष्टीत आणि यात फरक काय राहिला?

टॉम गॉडविनच्या ‘द कोल्ड इक्वेशन्स’नं तुला रडवलं. १९५४च्या ऑगस्टमध्ये ती ‘अस्टाउंडिंग’ मासिकात आली, तेव्हापासून ती लोकांना रडवतेच आहे. भावाला भेटायला म्हणून अठरा वर्षांची मुलगी औषध नेणाऱ्या छोट्या यानात लपून बसते, यानात इंधन नेमकं बेतून भरलेलं, तिचं वजन पेलणार नाही, म्हणून तिला बाहेर पडावं लागतं. लेखक निष्ठुर आहे, असं तू लिहिलंस. उलट, गॉडविन पुन्हा पुन्हा तिला वाचवत होता, आणि संपादक कॅम्पबेल प्रत्येक वेळी गोष्ट परत पाठवत होता. हे साऱ्यांना माहीत आहे. पण तू गणित केलंस का? वाढीव वजन थोपवायला वाढीव इंधन लागतं, आणि ते इंधन वाहून न्यायला आणखी थोडं. इथवर गॉडविनचा हिशेब चोख आहे. आता पुढचा प्रश्न विचार. माणसाचा जीव ज्यावर अवलंबून आहे अशा यानात राखीव इंधन अजिबात नाही? साध्या प्रवासी विमानातही अर्ध्या तासाचं राखीव इंधन ठेवल्याशिवाय उडू देत नाहीत. आणि आत शिरलं की मरण अटळ अशा यानाच्या दाराला कुलूप नाही, पहारेकरी नाही, नुसती पाटी? गणित केलं की रडू थांबतं आणि राग येतो. ती मुलगी गेली ती इंधन बेतून भरणाऱ्यांमुळं. ज्यांनी शिल्लक ठेवली नाही त्यांची नावंही गोष्टीत नाहीत आणि सगळा दोष निसर्गाच्या नियमावर! मला ही गोष्ट आवडते, फार आवडते, पण ती वाचताना दरवेळी मला तिच्याशी भांडावंसं वाटतं. तू भांडली नाहीस, नुसती रडलीस, याचं मला वाईट वाटलं.

आणि नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ला तू ‘गमतीदार, मुलांसाठी ठीक’ म्हटलंस, तिथं मात्र मी विळीवरून उठले.

आमच्या लहानपणी दिवाळीत घरात ‘नवल’ यायचा, ‘धनंजय’ यायचा. फराळाच्या ताटाआधी अंकावर झडप. आजोबा आधी वाचायचे, मग आम्ही बहिणी, आणि तुझी आई सगळ्यांच्या आधी चोरून. त्या काळात नारळीकर केंब्रिजहून परतून मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती स्वतःच्या नावानं नाही. आपलं नाव पाहून परीक्षक दबतील म्हणून आद्याक्षरं उलटी फिरवून नारायण विनायक जगताप झाले, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. आजोबा हे इतक्या प्रेमानं सांगायचे, जणू स्वतःच्याच मुलाला बक्षीस मिळालं होतं. २०२५च्या मे महिन्यात नारळीकर गेले, तेव्हा तू फोनवर रडत होतीस, आठवतं ना? मग आता ‘मुलांसाठी ठीक’?

त्या गोष्टीत थाप कुठली, तर माणूस अवकाशाच्या एका पिळातून फिरून आला की आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा होतो. उजवा हात डावा होतो, गोलंदाजाचा हात बदलतो, गणपतीची सोंड फिरते. ही कल्पना वेल्सनं १८९६मध्ये वापरली होती. पण आपल्याकडं उजव्या सोंडेचा गणपती म्हटलं की घरात सगळे सावध होतात, सोवळं कडक, कुणी सहसा घरी ठेवत नाही. अष्टविनायकांत सिद्धटेकचा तेवढा एक उजवा. भूमिती आणि देव्हारा एकाच शीर्षकात आणणं हे लहान मुलांचं काम नाही, बाई.

आणि तू तर रेणूंची विद्यार्थिनी. तो उलटा झालेला माणूस जेवायला बसला, इथपर्यंत तरी विचार करायचास. आपल्या शरीरातली प्रथिनं डाव्या हाताच्या अमिनो आम्लांची, आपण पचवतो ती साखर उजव्या हाताची. विकरं त्या हाताला घट्ट बसलेली असतात, डाव्या पायाच्या बुटासारखी. माणूस उलटला की त्याची विकरंही उलटतात. समोर भाकरी, आमटी, भात, सगळं आहे, आणि त्याच्या अंगी जवळपास काहीच लागत नाही. पाणी चालेल, मीठ चालेल. भरल्या ताटावर बसून माणूस वाळत जाईल. आर्थर क्लार्कनं १९४६मध्ये एका गोष्टीत हाच पेच घातला होता. आम्ही रसायनाच्या वर्गात हा धडा घ्यायचो तेव्हा मी पुदिन्याची पानं आणि बाळंतशेपा घेऊन जायची. दोन्हींत कार्व्होन हाच रेणू, पुदिन्यात एका हाताचा, बाळंतशेपांत दुसऱ्या हाताचा. डोळे मिटून हुंगलं तरी पोरांना फरक कळायचा. म्हणजे रेणूचा हात ओळखणारं यंत्र प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आहे, हे पाहून शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढं यायची. पंचविशीतल्या पाश्चरनं १८४८मध्ये टार्ट्रेटचे उजवे-डावे स्फटिक चिमट्यानं एकेक करून निवडले, तीही गोष्ट मी सांगायची. केवढा धीर असेल त्या माणसाला.

थॅलिडोमाइड या औषधाचं तुला शिकवलं असेलच. १९५७ला पश्चिम जर्मनीत बाजारात आलं, १९६१ला मागं घेतलं, तोवर दहा हजारांहून जास्त बाळं अधू जन्मली होती. त्याच्या रेणूचं शरीरात उजव्याचं डावं आणि डाव्याचं उजवं होत राहतं, तेव्हा चांगला हात तेवढा वेगळा काढून द्यावा तर तीही सोय नाही.

पण मला खरी धास्ती वाटते ती पुढच्या गोष्टीची. २०२४च्या डिसेंबरात ‘सायन्स’मध्ये अडतीस शास्त्रज्ञांनी मिळून लिहिलं की आरशातले जिवाणू, म्हणजे सगळे रेणू उलट्या हाताचे असलेले जिवाणू, कुणी बनवू नयेत. त्यांतले काहीजण स्वतःच त्या दिशेनं काम करत होते, आणि हिशेब मांडल्यावर थांबले. असा जिवाणू बाहेर पडला तर त्याला खाणारे विषाणू त्याला ओळखणार नाहीत, आपली प्रतिकारशक्ती त्याला नीट पकडू शकणार नाही, झाडंही नाहीत, जनावरंही नाहीत. आज तो कुणाला बनवता येत नाही, बहुधा अजून दहा वर्षं तरी नाही. पण सोनू, दहा वर्षांनी प्रयोगशाळांत कोण असेल? तू असशील. तुझ्या वर्गातली मुलं असतील. मुलांसाठी ठीक म्हणून बाजूला ठेवलेल्या गोष्टीतला पीळ त्या वेळी तुमच्या टेबलावर असेल, आणि तेव्हा तुमच्यातलं कुणी म्हणालं की मधले परिच्छेद वगळले, तर?

मी उगाच घाबरवतेय असं म्हणशील. आई तर म्हणेलच, ‘ताईला काही सांगायची सोय नाही.’ पण तुझ्या पत्राच्या शेवटी, पुस्तकांचं संपल्यावर, तू सहज लिहून गेलीस की प्रकल्पाचे आकडे चांगले येताहेत, सबमिशन जवळ आलंय, म्हणून कंट्रोल नंतर लावायचं ठरलंय. ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. कुणी ठरवलं हे? तू की तुझ्या मार्गदर्शकांनी? त्यांनी ठरवलं असेल तर तू विचारलंस का, की नंतर म्हणजे कधी? कंट्रोलशिवाय चांगला आकडा कशाच्या तुलनेत चांगला? आणि नंतर लावलेल्या कंट्रोलनं आकडे पडले, तर ते तू छापणार आहेस की तेही नंतर?

पुढं काय वाचू, विचारलंस ना. लक्ष्मण लोंढ्यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ वाच. परदेशातल्या मोठ्या संग्रहात गेलेली आपली गोष्ट आहे. पण त्याआधी डॅनियल कीजची ‘फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन’, १९५९ची मूळ लघुकथा, कादंबरी नको. त्यातला चार्ली मंदबुद्धी, शस्त्रक्रियेनं हुशार होतो, आणि मग ही हुशारी टिकणार नाही हे त्याचा तोच शोधून काढतो. स्वतःच्या विरुद्ध जाणारं गणित तो स्वतः बसून पुरं करतो, आणि उत्तर लिहून संबंधितांना पाठवतो. ती वाचताना एकही ओळ गाळू नकोस. संपली की लगेच मला लिहू नकोस, दोन दिवस जाऊ देत.

आणि रात्री तीनपर्यंत जागतेस हेही तूच लिहिलंयस. डबा आणतेस की अजून मेसमध्येच? वजन किती आहे आता? प्रकल्पाचं हे आईला सांगितलंयस का? सांगितलं नसशील तर सांगू नकोस, ती रात्रभर झोपणार नाही. पण मार्गदर्शकांशी मात्र उद्याच बोल, सोमवारीच, आणि कंट्रोल कधी लावणार ती तारीख त्यांच्याकडून घे. ते रागावले तर मला फोन कर. दादा पुढच्या आठवड्यात पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर मेतकूट आणि लाडू पाठवतेय.

तुझी
मावशी