बिदरहून कलबुर्गीस

बिदर ते कलबुर्गी हा सुमारे ११० किलोमीटरांचा लोहमार्ग २०१७ च्या ऑक्टोबरात पूर्ण खुला झाला. त्यावरील डेमू गाडीत वर्ग नाहीत. जो आधी येईल त्याने बसावे. हुमनाबादेस एक आजी गाठोडे घेऊन चढल्या, तेव्हा आम्ही सरकून त्यांस जागा दिली. त्यांनी कडक भाकरी व शेंगांची चटणी पुढे केली. समोरच्या तूरडाळीच्या व्यापाऱ्यांनीही ती आवडीने घेतली. मरगुत्तीच्या बोगद्यात अंधार होताच आजींनी आमचा हात घट्ट धरला.

कलबुर्गीस आम्हां तिघांनाही सोलापूरची गाडी धरावयाची होती. हा मुंबई-चेन्नईचा मुख्य मार्ग. येथे वातानुकूलित डब्यांच्या पायऱ्या, मग शयनयान आणि अगदी टोकास सामान्य डबा. रेल्वेचा तिसरा वर्ग १९७४ साली रद्द झाला खरा. नाव गेले, उतरंड राहिली. सहलीच्या मोठ्या जहाजांवर तर, वाचकहो, वारंवार येणाऱ्या उतारूंस वरच्या पायरीचे कार्ड मिळते, व ते दाखवून त्यांना इतरांआधी चढता येते!

व्यापारी निरोप न घेताच थंड डब्याकडे वळले. आम्हांस त्यांचा राग आला. पण आमच्या खिशातही तसलेच तिकीट होते.

"बाबा, आपला डबा कुठला?" आजींनी विचारले.

आम्ही त्यांचे गाठोडे सामान्य डब्याच्या दारापर्यंत नेले. आत पाय ठेवावयास जागा नव्हती. तरीही आजी कशाबशा टेकल्या, अंग चोरले आणि शेजारची वीतभर जागा हाताने झाडून म्हणाल्या, "या की, बसा."

शिट्टी झाली. आम्ही मागे न पाहता आमच्या डब्याकडे निघालो.